व्हायोलिन धरायचं नाही, टेकवायचं

मी मिरजेची. बँकेतली नोकरी सांभाळून चव्वेचाळिसाव्या वर्षी व्हायोलिन शिकायला लागले. दीड वर्षात डाव्या अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ यायला लागली की सकाळी दुधाची पिशवी फाडता येईना. फिजिओथेरपिस्टने तीन आठवडे वाद्य बंद ठेवायला सांगितलं. नंतर सुरुवात केली ती बैठकीपासून.

आपल्याकडे हे वाद्य जमिनीवर बसून वाजवतात. मांडी घाला, उजवा पाय थोडा पुढे सोडा. वाद्याचं वळणदार डोकं उजव्या घोट्याजवळ टेकवा आणि दुसरं टोक डाव्या खांद्यापाशी, गळ्याच्या हाडाखाली. मग डावा हात पूर्ण सोडून बघा. वाद्य जागच्या जागी राहायला हवं. माझं घसरायचं, आणि ते सावरण्याचं काम दीड वर्षं माझा अंगठा करत होता! घोट्यावर जुन्या सुती साडीची घडी ठेवली, घसरणं थांबलं. बुडाखालीही चादरीची चार बोटं उंच घडी घ्या. गुडघे खाली जातात आणि पाठ आपोआप सरळ होते.

आता अंगठा. मधलं बोट एका स्वरावर ठेवून गज (तारेवर घासायची केसांची काठी) ओढत राहा आणि अंगठा हळूच व्हायोलिनच्या दांडीपासून सुटा करा, परत टेकवा. स्वर हलला नाही तर पकड बरोबर आहे. थरथरला तर तुम्ही दांडी आवळताय. आवळलेला अंगठा मिंड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना, मागेच अडकतो, हात पुढे जातो आणि मनगट मुरगळतं. बोटं सहज सरकावीत म्हणून पेरांना खोबरेल तेलाचा पुसट हात लावतात. गजाच्या केसांना मात्र ते लागू देऊ नका. केस तारेवरून नुसते निसटतात, रोझिनही (केसांना घासायची राळ) धरत नाही.

उजवा खांदा कानाकडे चढतो, तो स्वतःला कळत नाही. शेजारी आरसा ठेवा. तानपुरा लावा आणि मंद्र षड्जाच्या मोकळ्या तारेवर एक पूर्ण गज आठ मात्रा चालवा, जबडा सैल सोडून. रोज दहा मिनिटं फक्त एवढंच. एकूण रियाजात दर वीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवून उठा. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. दुखल्याशिवाय हात बसत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि मैफलीला जा. हा रियाजाचाच भाग आहे असं मी मानते. आमच्याकडे मिरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते 1937 साली गेले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ चिंचेच्या झाडाखाली गाणं-बजावणं होतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीत महोत्सव असतो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव मोठा खराच, पण तिथे लांबून हात दिसत नाहीत. गावातली छोटी बैठक गाठा आणि पुढे बसा. पहिली दहा मिनिटं राग ओळखायच्या मागे लागू नका. वाजवणाऱ्याचे खांदे बघा, जबडा बघा, अंगठा बघा. मग डोळे मिटून गाणाऱ्याचा श्वास कुठे संपतो ते ऐका. तुमचा गज तिथेच वळला पाहिजे. दुसऱ्या दिवशी लक्षात राहिलेली एकच ओळ तशी वाजवून बघा. घरी ऐकायला व्हायोलिनवादक डी. के. दातार आणि एन. राजम आहेत, दोघांचाही गज गळ्यासारखा बोलतो.

सतारमेकर गल्लीतही अर्धा तास काढा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी तिथे जाते ती जवारी, म्हणजे तारेचा सूर खुलवण्याचं काम, ऐकायला. कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतात आणि बोदा सूर एकदम उघडतो. तो क्षण कानात बसला की जोर लावून दाबलेला स्वर आपला आपल्यालाच खटकायला लागतो.

उरुसाला येताना चादर आणा. बैठक रात्री उशिरापर्यंत चालते, आणि तीच चार बोटांची घडी तिथेही उपयोगी पडते.