आईबाबांमधला पोस्टमन होणं कसं थांबवायचं

"तुझ्या बाबांना सांग, ताट वाढलंय." बाबा तीन फुटांवर पेपर वाचत बसलेत, त्यांना ऐकूही आलंय, तरी मी जाऊन सांगायचं. आमच्याकडे एकदा भांडण झालं की आठ-आठ दिवस असंच चालायचं आणि मला वाटायचं मी नसते तर घर मोडलं असतं.

फॅमिली थेरपीत याला त्रिकोण म्हणतात. मरे बोवेन हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी १९५४ पासून मेरीलँडमधल्या सरकारी संशोधन संस्थेत पेशंटसोबत घरच्यांनाही वॉर्डातच राहायला बोलावलं, आधी आयांना मग अख्ख्या कुटुंबांना, आणि त्यांचं वागणं जवळून बघितलं. त्यांचं म्हणणं असं की दोघांमधला ताण वाढला की तिसऱ्याला ओढलं जातं, ताण जरा हलका होतो, पण मूळ भांडण तिथंच राहतं. म्हणजे आपण निरोप पोचवतो म्हणून त्यांना एकमेकांशी बोलायची गरजच पडत नाही!

तर आधी आठवडाभर फक्त मोजा, कुणाचे किती निरोप नेले. मग दोघांना वेगवेगळं गाठून एकच वाक्य सांगा, "हे तू त्यांच्याशीच बोल, मी तुम्हा दोघांची आहे." ऐन भांडणात नको. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना भांडताना नाडीचे ठोके मोजत तपासलंय, ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं डोक्यात शिरतच नाही, शांत व्हायला निदान वीस मिनिटं द्यावी लागतात आणि त्या वीस मिनिटांत तेच तेच उगाळायचं नाही.

आता खरी कठीण गोष्ट. सुरुवातीला घरातलं वातावरण आणखी बिघडतं. आई म्हणाली, "आता तूही त्यांच्याच बाजूची झालीस," आणि मी रात्रभर रडले. बहुतेक जण इथंच माघार घेतात, किंवा चिडून दोघांशीही बोलणं तोडतात, ते तर अजिबात करू नका. बाजू घ्यायची नाही पण नातंही सोडायचं नाही, बोवेन यांचा सगळा भर यावरच आहे. मी आईसोबत मटार सोलत बसायचे, बाबांबरोबर सकाळी चालायला जायचे, विषय काहीही, फक्त दुसऱ्याची तक्रार नाही. तक्रार निघाली की तेच वाक्य परत, आवाज न चढवता.

मारहाण होत असेल, कुणी कुणाला घाबरून असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही, तिथं मध्ये पडायचंच, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "जेवायला या." बाबा उठले. आमटीत मीठ कमी होतं, ते त्यांनी तिलाच सांगितलं.