ग्नोममध्ये डिफॉल्ट ब्राउझर बदलूनही लिंक क्रोमियममध्येच उघडत होती: माझा अनुभव

डेबियन लिनक्स, त्यावर ग्नोम डेस्कटॉप. सेटिंग्जमध्ये फायरफॉक्स डिफॉल्ट निवडलाय, पण थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममधली लिंक दाबली की क्रोमियम हा दुसरा ब्राउझर उघडणार. सेटिंग्जमध्ये पुन्हा निवडून पाहिलं, 'एक्सडीजी-सेटिंग्ज' कमांडने सेट केलं, लॉगआउटही केलं. एरर नाही, फरकही नाही. डोकं पार उठलं होतं.

एचटीटीपीएस लिंक कोणतं ॲप उघडतं ते बघायला टर्मिनलमध्ये 'जीआयओ माइम एक्स-स्कीम-हँडलर/एचटीटीपीएस' ही कमांड दिल्यावर क्रोमियमचं नाव आलं. सेटिंग्जमधली निवड लिहिली जाते 'माइमॲप्स डॉट लिस्ट' या फाइलमध्ये. तिथे फायरफॉक्सच होता. पण होममधल्या 'डॉट कॉन्फिग' फोल्डरात 'ग्नोम-माइमॲप्स डॉट लिस्ट' नावाची आणखी एक फाइल निघाली, जुन्या मशीनवरच्या कॉन्फिगसोबत आलेली. डेस्कटॉपच्या नावाची फाइल असेल तर आधी तिचंच चालतं. हे सेटिंग्जच्या खिडकीत कुठेही दिसत नाही, हे जरा अतीच आहे.

आधी त्या फाइलची प्रत काढली. मग 'डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स'खालच्या एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि टेक्स्ट/एचटीएमएल या तिन्ही ओळी उडवल्या. नुसती एचटीएमएलची काढून भागत नाही, लिंकसाठी स्कीम-हँडलरच, म्हणजे एचटीटीपी/एचटीटीपीएसची ओळच बघितली जाते. शेवटी तीच जीआयओ कमांड पुन्हा दिली. 'फायरफॉक्स-ईएसआर डॉट डेस्कटॉप' आलं, म्हणजे डेबियनमधला फायरफॉक्सच. थंडरबर्ड बंद करून उघडला, लिंक फायरफॉक्समध्ये गेली.

उबुंटूवर 'उबुंटू-माइमॲप्स डॉट लिस्ट'ही आहे का ते बघा.