विज्ञानासाठी चोवीस तास राबणारा घरचा संगणक: सुटे भाग कसे निवडावेत

२०१८च्या डिसेंबरात तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली. तिच्यात २,४८,६२,०४८ अंक होते. ती मूळ आहे हे सिद्ध करणारं गणित एका स्वयंसेवकाच्या संगणकाने बारा दिवस न थांबता केलं. त्या संगणकात आय५-४५९०टी हा प्रोसेसर होता. चार कोअर (स्वतंत्रपणे गणित करणारे प्रोसेसरचे भाग), ३५ वॉट, आणि बाजारात येऊन तेव्हाच चार वर्षं झालेली. स्वयंसेवी गणनेसाठी, म्हणजे आपल्या संगणकाची ताकद इंटरनेटवरून वैज्ञानिक प्रकल्पांना देण्यासाठी, संगणक जोडायचा म्हणून कोणी सल्ला विचारला की मी आधी ही गोष्ट सांगतो. इथे राक्षसी यंत्र लागतंच असं नाही, दिवसरात्र बिनचूक चालणारं यंत्र लागतं.

पायरी १: आधी काम ठरवा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. लोक आधी भारी ग्राफिक्स कार्ड आणतात आणि मग त्याला काम शोधत बसतात. खरं तर प्रत्येक प्रकल्पाची भूक वेगळी असते.

प्रथिनांच्या रचनेवर काम करणारा रोझेटा अ‍ॅट होम फक्त प्रोसेसर वापरतो, आणि त्याला रॅम बरीच लागते. फोल्डिंग अ‍ॅट होमची खरी ताकद ग्राफिक्स कार्डात आहे. पल्सार (झपाट्याने फिरणारे मृत तारे) आणि गुरुत्वीय लहरी शोधणारा आइन्स्टाइन अ‍ॅट होम दोन्ही वापरतो, शिवाय रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकालाही काम देतो. हवामानाची प्रारूपं चालवणाऱ्या क्लायमेटप्रेडिक्शनची काही कामं एकेकटी चार-पाच जीबी रॅम खातात आणि कित्येक दिवस चालतात. सर्नच्या कणत्वरकाला मदत करणाऱ्या एलएचसी अ‍ॅट होमची काही कामं आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या, संगणकातल्या संगणकात) चालतात, तिथेही रॅम सढळ हवी.

एक खबरदारी मात्र घ्याच. एकाच प्रकल्पावर नजर ठेवून यंत्र बांधू नका. परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधणारा सेटी अ‍ॅट होम १९९९च्या मे महिन्यात सुरू झाला, लाखो लोकांना या वाटेवर घेऊन आला, आणि ३१ मार्च २०२० रोजी त्याने नवं काम वाटणं थांबवलं. आपल्या आकाशगंगेचं प्रारूप बांधणाऱ्या मिल्कीवे अ‍ॅट होमच्या ग्राफिक्स कार्डावरच्या कामाला दुहेरी अचूकतेचं (जास्त दशांश स्थळांपर्यंत नेमकं) गणित लागायचं. त्यासाठी कित्येकांनी खास जुनी कार्डं जपून ठेवली होती. २०२३मध्ये ते कामही संपलं. तेव्हा आवडीचा एक प्रकल्प निवडा, जोडीला त्याच भागांवर चालणारे आणखी दोन धरून ठेवा, आणि मगच खरेदीची यादी करा.

पायरी २: विजेचा हिशेब कागदावर मांडा

चोवीस तास चालणाऱ्या यंत्राची खरेदीची किंमत एकदाच मोजावी लागते, विजेचं बिल मात्र दर महिन्याला येतं. भिंतीपाशी ३०० वॉट ओढणारा संगणक दिवसाला ७.२ युनिट वीज खातो. तीस दिवसांत २१६ युनिट होतात. आपल्या घरच्या दराने याला गुणा आणि तो आकडा वर्षभर सहज सोसेल का, हे घरातल्या माणसांशी बोलून ठरवा. नाइलाजाने चार महिन्यांत बंद करावं लागणाऱ्या मोठ्या यंत्रापेक्षा पाच वर्षं चालणारं छोटं यंत्र विज्ञानाच्या जास्त उपयोगी पडतं.

हीच सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. ३०० वॉटचा संगणक म्हणजे खोलीत ३०० वॉटचा हीटर. थंडीत तो सुखाचा वाटेल, पण उन्हाळ्यात झोपायच्या खोलीत दोन रात्रीसुद्धा निघणार नाहीत. जागा कुठली, तिथे हवा खेळते का, पंख्यांचा आवाज कोणाच्या कानाशी येणार, हे सगळं आत्ताच पाहून घ्या.

दोन पर्यायांची तुलना करताना वेगाकडे बघू नका. दिवसाला किती कामं पूर्ण होतात, भागिले दिवसाला किती युनिट जळतात, हा भागाकार करा. जुना, फुकट मिळालेला संगणक या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होतो. त्याच विजेत नवा प्रोसेसर कित्येक पट काम करतो. प्लगला लावायचा साधा वॉटमीटर मात्र विकत घ्याच. त्याच्यावाचून सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

पायरी ३: प्रोसेसर

बहुतेक प्रकल्पांसाठी कोअरची संख्या महत्त्वाची असते, कारण प्रत्येक थ्रेडवर (कोअर एका वेळी चालवू शकणाऱ्या कामाच्या धाग्यावर) एक काम सुटं चालतं. मधल्या पट्ट्यातला, ६५ वॉटच्या आसपासचा आठ किंवा बारा कोअरचा प्रोसेसर हा मला सर्वांत शहाणा सौदा वाटतो. वरच्या टोकाचे प्रोसेसर शेवटच्या पाच-दहा टक्के वेगासाठी दुपटीच्या जवळपास वीज ओढतात.

मूळ संख्यांच्या शोधात मात्र कोअरपेक्षा कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, अतिवेगवान स्मृती) मोठी ठरते, आणि हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. या गणितात प्रचंड आकड्यांचा गुणाकार फूरिए रूपांतर या गणिती युक्तीने होतो. रूपांतराची लांबी गुणिले आठ बाइट, एवढी माहिती सतत आतबाहेर होत असते. लांबी १,०२४के (सुमारे साडेदहा लाख) असेल तर एका कामाला सुमारे ८ एमबी लागतात. प्रोसेसरची तिसऱ्या पातळीची कॅशे ३२ एमबी असेल तर अशी चार कामं तिच्यात कशीबशी मावतात. आठ कोअर आहेत म्हणून आठ कामं लावलीत तर माहिती रॅमपर्यंत हेलपाटे घालू लागते आणि सगळीच कामं रेंगाळतात. त्यापेक्षा मूळ संख्या शोधणाऱ्या प्राइमग्रिड या प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये जाऊन एका कामाला दोन-चार थ्रेड द्या आणि एका वेळी मोजकीच कामं चालवा. ९६ एमबी कॅशेचे एएमडीचे एक्स३डी प्रोसेसर या कामाला म्हणूनच इतके मानवतात. रोझेटासारख्या प्रकल्पासाठी मात्र तेवढ्याकरता जादा पैसे मोजू नका.

पायरी ४: ग्राफिक्स कार्ड, लागणार असेल तरच

फोल्डिंग अ‍ॅट होममध्ये काम लवकर परत केल्याबद्दल जादा गुण मिळतात, आणि त्यामागे कारण आहे. एका प्रथिनाची हालचाल तुकड्या-तुकड्यांनी मोजली जाते आणि आधीचा तुकडा हाती आल्याशिवाय पुढचा सुरूच होत नाही. तुमचं यंत्र रखडलं की ती अख्खी साखळी थांबते. म्हणून इथे दोन मंद कार्डांपेक्षा एक वेगवान कार्ड बरं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर प्रत्येक कार्डामागे प्रोसेसरचा एक थ्रेड मोकळा ठेवा. कार्डाला काम भरवत राहायला तो लागतो.

कार्ड बसवल्यावर लगेच त्याची वीजमर्यादा कमी करा. लिनक्सवर एनव्हिडियाच्या कार्डासाठी ही एका ओळीची आज्ञा आहे, विंडोजवर त्यासाठी मोफत साधनं मिळतात. मर्यादा ७० टक्क्यांवर आणली की काम साधारण दहा टक्क्यांच्या आसपास घटतं, वीज मात्र तीस टक्के वाचते. कार्ड थंड राहतं, पंखा शांत होतो. एकेक दिवस ९०, ८०, ७० असं खाली येत जा आणि रोजची कामं व युनिट वहीत लिहा. चौथ्या दिवशी तुमच्या कार्डाचा योग्य आकडा तुमच्याच हस्ताक्षरात समोर असेल.

कार्ड जुनं घेणार असाल तर पंखे हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर ते बदलावे लागणार. उष्णता बाहेर वाहून नेणारी थर्मल पेस्टही नवी लावावी लागेल असं गृहीत धरा.

पायरी ५: रॅम, आणि चुकीची उत्तरं

मूळ संख्यांच्या कामात तर रॅमचा वेगही जाणवतो, म्हणून दोन पट्ट्या जोडीनेच घ्या. एरवी, क्लायमेटप्रेडिक्शनसारखी जड कामं सोडली तर, प्रत्येक थ्रेडमागे दोन जीबी धरली की अडत नाही.

पण रॅमबद्दल सांगायची खरी गोष्ट वेगळी आहे. बॉइंक या, अशा प्रकल्पांची कामं आपल्या संगणकावर आणून चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवरचे बरेच प्रकल्प एकच काम दोन संगणकांना देतात आणि उत्तरं ताडून पाहतात. तुमचं उत्तर चुकलं तर ते बाद होतं, आणि ते काम तिसऱ्या कोणालातरी पुन्हा करावं लागतं. माझ्या एका यंत्रावर अशी बाद कामं अधूनमधून दिसायची. संगणक एरवी उत्तम चालायचा, कधी अडकला नाही, कधी आपोआप बंद पडला नाही. मी प्रकल्पाला दोष देत राहिलो. शेवटी एका रात्री मेमटेस्ट हे रॅम तपासणारं साधन लावून झोपलो. सकाळी पडद्यावर लाल ओळ होती, दुसऱ्या पट्टीत एक बिट उलटत होता. मधल्या काळात वाया गेलेली वीज माझी होती, पण ती कामं ज्यांना पुन्हा करावी लागली त्यांचीही वीज गेली, हे मला जास्त लागलं. तेव्हापासून नवी रॅम आली की आधी एक रात्र मेमटेस्ट आणि मगच पहिलं काम. ओव्हरक्लॉकिंगच्या (भाग ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याच्या) वाटेला तर जाऊच नका.

पायरी ६: पॉवर सप्लाय

यंत्राला आत ३०० वॉट लागतात असं धरा. ८० टक्के कार्यक्षमतेचा पॉवर सप्लाय त्यासाठी भिंतीतून ३७५ वॉट ओढेल, ९० टक्क्यांचा सुमारे ३३३. फरक ४२ वॉटचा, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट आणि वर्षाला ३६५. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या मानांकनातल्या गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय अर्ध्या भारावर निदान ९० टक्के कार्यक्षम असतो. म्हणून यंत्राच्या गरजेच्या पावणेदोन ते दोन पट क्षमतेचा, गोल्ड दर्जाचा घ्या. इथे हात आखडता घेऊ नका. बाकी कुठलाही भाग बिघडला तर एकटा जातो, हा बिघडला तर शेजाऱ्यांना घेऊन जातो.

पायरी ७: उरलेलं

मदरबोर्ड साधा चालेल, फक्त प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक असलेला बघा. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. प्रोसेसरवर भरभक्कम हवेचा कूलर लावा, त्यात पंपासारखं बिघडणारं काही नसतं. छोटी एसएसडी पुरते. लॅपटॉप या कामाला जुंपू नका, सततच्या उष्णतेने त्याची बॅटरी फुगते.

पायरी ८: पहिला आठवडा

सगळं जोडलं की निम्म्या थ्रेडवर सुरुवात करा. प्रोसेसरचं तापमान ८० अंशांच्या आत राहतंय ना, हे दुपारच्या ऐन उन्हात तपासा, रात्रीच्या आकड्यावर विसंबू नका. बॉइंकमध्ये कामांचा साठा एका दिवसापुरताच ठेवा, नाहीतर मुदत उलटलेली कामं परत जातील. तीन-चार दिवसांनी प्रकल्पाच्या तुमच्या खात्यात जाऊन ग्राह्य आणि बाद कामं मोजा. बादच्या रकान्यात शून्य असेल तर उरलेले थ्रेड सुरू करा. एक जरी काम बाद दिसलं तर आधी रॅम, मग तापमान, मग पॉवर सप्लाय, या क्रमाने तपासा. आणि कॅलेंडरवर दर तीन महिन्यांनी एक खूण करून ठेवा: त्या दिवशी यंत्र बंद करायचं, जाळ्या काढायच्या, पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ झाडायची आणि वॉटमीटरचा आकडा वहीत उतरवून यंत्र पुन्हा सुरू करायचं.