भिजलेलं पायताण वाळवायचं कसं

बेळगावकडच्या खानापूर-जांबोटीच्या पावसात चामड्याचं पायताण भिजलं की सल्ले ठरलेले: चुलीपाशी ठेव, उन्हात टाक, ड्रायर मार. तिन्ही चामड्याच्या मुळावर येणारे.

चिखल ओल्या फडक्यानं पुसा, सुक्या कापडानं दाबून पाणी टिपा. घासू नका.

खरा घोळ वाळवण्यात होतो. अथणी-निपाणीकडचं पायताण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचं. ते हवेतला ओलावा सतत घेतं, सोडतं. हाताला कोरडं लागतं तेव्हाही त्यात पाणी असतंच. उष्णता लागली की वरचा थर आधी आटतो, आतलं पाणी तसंच राहतं. ते वर येताना सालीचा अर्क घेऊन येतं आणि काळे डाग पडतात. आटलेला थर आखडल्यानं कडा वर वळतात. आतले तंतू एकमेकांना चिकटले की तळ लाकडासारखा ताठ होतो. शिवाय ओलं चामडं ७०-८० अंशांच्या आसपास कायमचं आकसतं. कोरडं असतं तर एवढी उष्णता सोसलं असतं. चुलीच्या तोंडाशी एवढं तापायला वेळ लागत नाही.

म्हणून सावलीत, दोन काठ्यांवर आडवं ठेवा, तळालाही हवा लागू दे. पंखा सगळ्यात हळू. कड वळायला लागली तर रात्री वर्तमानपत्रात गुंडाळून पाटाखाली ठेवा. कागद ओला झाला की बदला.

हात लावल्यावर अजून थंडगार लागतं, तेव्हाच फडक्यावर एरंडेलाचे चार-पाच थेंब घेऊन पुसा. पाणी बाहेर पडतं तसं तेल आत मुरतं. जवस-करडईचं तेल नको, ते हवेत घट्ट होतं.

वाळलं का, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला विचारा. सकाळ-संध्याकाळ तोच आकडा आला की झालं. जुलैत खानापुरात हा आकडा एप्रिलमधल्या अथणीपेक्षा जास्तच येणार, कारण चामडं भोवतालच्या हवेपेक्षा कोरडं राहत नाही. आकडा उतरवायला आच देऊ नका.

बुरशीची भीती मात्र खरी. हवेतली आर्द्रता ७०-७५ टक्क्यांवर टिकली की पांढरी बुरशी धरते. ती घराबाहेर नेऊन ब्रशनं झाडा. पायताण कापडी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यातच कामाच्या; फटींच्या कपाटात त्या खोलीभरचा ओलावा ओढून निकामी होतात.