शेवटच्या वर्षाच्या स्मरणिकेत प्रत्येकाबद्दलच्या चार ओळी कशा लिहायच्या

शाळेतून बाहेर पडणाऱ्या बॅचची स्मरणिका काढायचं काम दरवर्षी कोणाच्या तरी गळ्यात पडतंच. फोटो, छपाई हे सगळं होतं कसंबसं, पण गाडी अडते ती प्रत्येकाच्या फोटोखाली येणाऱ्या चार ओळींवर. स्वभाव कसा, हाक काय मारतात, शाळेत काय काय केलं. मी हे काम सहा वर्षं करतेय, पहिल्या दोन वर्षांत बऱ्याच चुका केल्या आणि त्यातून जे शिकले ते इथे लिहितेय, म्हणजे यावर्षी ज्यांच्यावर हे काम आलंय त्यांना तरी तेच परत करायला नको.

सगळ्यात आधी वर्गाची यादी घ्या आणि ज्यांच्याबद्दल कोणालाही न विचारता तुम्ही आत्ता दोन वाक्यं लिहू शकता त्यांच्यापुढे टिक करा. साठातल्या पस्तीस-चाळीस नावांपुढे टिक होईल. राहिलेली जी वीस-पंचवीस नावं आहेत ना, काम तिथून सुरू करायचं. आपण नेमकं उलटं करतो, गाजलेली मुलं आधी घेतो कारण ती सोपी, त्यांच्यावर झक्कास लिहितो, आणि शेवटच्या आठवड्यात प्रेसवाला मागे लागलेला असतो तेव्हा उरलेल्या सगळ्यांना "शांत व मनमिळाऊ" लिहून मोकळे होतो. त्या मुलांच्या लक्षात येतं हो ते. अख्खं पान वाचून झाल्यावर आपल्या आणि शेजारच्याच्या फोटोखाली तेच तीन शब्द दिसले की कळतं की आपल्याबद्दल कोणाला काही आठवलं नाही.

आता स्वभाव. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली, नंतर प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं आणि ते किती बरोबर वाटतंय त्याला 0 ते 5 पैकी मार्क द्यायला सांगितले. सरासरी आली 4.26. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं, शब्दन् शब्द सारखं. मोघम लिहिलं की ते कोणालाही लागू पडतं आणि वाचणाऱ्याला बरंही वाटतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला वाटतं की आपल्याला जमलं. म्हणून स्वतःचं लिहिलेलं तपासायची माझी एकच पद्धत आहे, नाव झाकायचं आणि वर्गातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यायचं, त्याला ओळखता आलं तर ठेवायचं, नाहीतर परत लिहायचं.

शब्दांचा तुटवडा आहे म्हणावं तर तसंही नाही. 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजीची जाडजूड डिक्शनरी चाळून माणसाचा स्वभाव आणि वागणं सांगणारे शब्द वेगळे काढले तर ते जवळजवळ 18,000 निघाले, त्यातले कायमचा स्वभाव सांगणारेच साडेचार हजार. मराठीत काय कमी आहेत का, धांदरट, घुमा, चिवट, हळवा, भिडस्त, लाघवी, खमकी, काटेकोर, मिश्कील, सोशिक, हरहुन्नरी, चिकित्सक... आणि स्मरणिकेत मात्र फिरून फिरून हुशार, शांत, मनमिळाऊ, हसतमुख, अभ्यासू, खोडकर हेच सहा. पण नुसता वेगळा शब्द शोधूनही भागत नाही, शब्दाला पुरावा लागतो. "स्वभावाने भिडस्त" इतकंच लिहिलं तर गेलं वाया. "परीक्षेच्या आदल्या दिवशी कंपासपेटी कोणाला तरी दिली आणि परत मागायचा संकोच वाटला म्हणून वर्तुळं बांगडीने काढली" असं लिहिलं की भिडस्त शब्द लिहायचीही गरज उरत नाही, वर्गात सगळे म्हणतात अरे हा तर अमुक!

हे पुरावे मिळवायचे कसे तर फॉर्ममध्ये "स्वतःचं वर्णन करा" असलं काही विचारू नका, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते जमत नाही आणि लाजही वाटते. त्याऐवजी दप्तरात कायम काय असतं, मधल्या सुट्टीत कुठे सापडतोस, कोणी काय मागायला तुझ्याकडे येतं, शाळेतला कोणता दिवस परत जगायला आवडेल, असं विचारा. "कोणी काय मागायला येतं" हा तर हुकमी प्रश्न आहे, त्याच्या उत्तरात स्वभाव आपोआप येतो. कोणाकडे वही मागायला येतात, कोणाकडे भांडण सोडवायला, कोणाकडे नुसतं रडायला.

आणि प्रत्येक मुलाबद्दल तीन जणांना विचारा. एक जवळचा मित्र किंवा मैत्रीण, एक वर्गातलं पण ग्रुपमधलं नसलेलं कोणी, आणि एक मोठं माणूस जे वर्गावर शिकवत नाही, म्हणजे लायब्ररीतल्या मॅडम, ऑफिसमधले काका, लॅबमधले दादा, ग्राउंडवरचे सर. वर्गात गप्प बसणारं मूल सगळीकडेच गप्प असतं असं अजिबात नसतं, आपण त्याला एकाच खोलीत बघितलेलं असतं एवढंच. माझ्या तिसऱ्या वर्षी एक मुलगा होता, शेवटच्या बाकावरचा, तिन्ही तुकड्यांत विचारून झालं तरी कोणी एक वाक्य सांगेना, "चांगला आहे" यापलीकडे काही नाही. मी लॅबमधल्या दादांना सहज विचारलं तर ते हातातलं काम ठेवून बोलायलाच लागले, की हा मुलगा दोन वर्षं प्रॅक्टिकल संपलं की थांबायचा आणि सगळ्यांचे बीकर धुऊन फडक्यावर उलटे लावून ठेवायचा, ओळीने, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि फुटलेली काच दुसऱ्या कोणाला लागू नये म्हणून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर पेनाने मोठ्या अक्षरात काच असं लिहून मगच टाकायचा. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. मी तेच लिहिलं, जसंच्या तसं. स्मरणिका वाटली त्या दिवशी तो आला आणि विचारलं, "मॅडम, हे दादांनी सांगितलं का?" एवढंच, पण पान उघडं ठेवून हातात धरून उभा होता कितीतरी वेळ.

टोपणनावांच्या बाबतीत मात्र फार जपून. इथे माझ्या हातून मोठी चूक झालीय. पहिल्या वर्षी एका मुलीला सगळे कासव म्हणायचे, पेपर लिहायला वेळ लागायचा म्हणून, ती पण हसायची, मला वाटलं लाडाचं नाव आहे आणि मी छापलं. ती स्मरणिका घेऊन सह्या घ्यायला आली तेव्हा त्या ओळीवर अंगठा ठेवूनच पान पुढे करत होती. प्रत्येकाकडे तसंच. तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. शरीर, रंग, उंची, चष्मा, बोलण्यातला अडखळा, मार्क, घरची परिस्थिती यावरून पडलेलं नाव छापायचं नाही, कोणाशी जोडी लावून चिडवलेलं नाव तर मुळीच नाही. मूल "चालेल" म्हणालं तरी नाही, कारण मित्रांसमोर विचारलं तर कोण नाही म्हणणार! बाकीच्या नावांसाठीसुद्धा एकट्याला विचारायचं, शक्यतो चिठ्ठीवर, आणि प्रश्न असा की हे नाव आईबाबांनी वाचलेलं चालेल का. जरा जरी थांबलं तरी समजायचं की नको.

चांगलं टोपणनाव असेल तर त्याची गोष्ट पण द्या, नाहीतर वीस वर्षांनी त्यालाच आठवणार नाही. एकाचं नाव स्टेपलर होतं, कारण प्रोजेक्ट जमा करायच्या दिवशी त्याच्याच दप्तरात स्टेपलर असायचा आणि अख्खा वर्ग त्याच्या बाकाभोवती. नुसतं "टोपणनाव: स्टेपलर" आणि ही अर्धी ओळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हो, प्रत्येकाला टोपणनाव असतंच असं नाही, तर ओढूनताणून पाडू नका. ले-आउटमध्ये "टोपणनाव" असा ठरलेला रकानाच ठेवू नका, कारण मग पंधरा जणांच्या समोर नुसती रेघ येते आणि ती फार वाईट दिसते. असेल त्याच्या ओळीत मजकुरातच येऊ दे.

शाळेतल्या उपक्रमांचं लिहिताना आठवणीवर विसंबू नका, बक्षिसं मिळालेलेच आठवतात. जुने कार्यक्रमांचे फोटो काढा आणि कडेला कोण कोण दिसतंय ते बघा, पडदा ओढणारे, प्रॉम्प्टिंग करणारे, स्कोअर लिहिणारे, प्रदर्शनाचे तक्ते रंगवणारे, माइक सारखा करणारे. पदाचं नाव लिहिण्यापेक्षा केलं काय ते लिहा. "उत्कृष्ट धावपटू" यापेक्षा "4 x 100 रिलेत तिसरा टप्पा कायम तिचा, कारण वळणावर पळायला तीच हवी असायची" हे वाचायला छान वाटतं आणि खरंही आहे, त्या शर्यतीत पहिला आणि तिसरा टप्पाच वळणावर येतो. वर्ष आणि स्पर्धेचं नाव मात्र सर्टिफिकेट बघूनच टाका, आठवीतलं नववीत गेलं की पालकांचे फोन येतात.

लांबी सगळ्यांना सारखी ठेवा, माझं 50 शब्दांचं गणित आहे. टॉपरला 120 आणि बाकीच्यांना 20 असं केलंत तर सगळी मेहनत पाण्यात. वर्गाने मत देऊन "सगळ्यात अमुक" असे किताब द्यायचे असतील तर एक तर प्रत्येकाला द्या नाहीतर कोणालाच नको.

लिहून झालं की ज्याचं त्याला वाचायला द्या. प्रत्येकाने स्वतःचं नाव, आडनाव आणि चार ओळी वाचून सही करायची, मगच ते पान फायनल. यात एक आठवडा जातो, तो आधीच धरून ठेवा. वगळा म्हणालं तर वाद न घालता वगळा.

छपाईचं थोडक्यात सांगते. फोटो 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) लागतात, म्हणजे 3.5 बाय 4.5 सेंटीमीटरच्या फोटोला साधारण 413 बाय 531 पिक्सेल, आणि व्हॉट्सअॅपवर मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर साइज कमी होऊन येते. मधून पिना मारायच्या असतील तर एकूण पानं 4 च्या पटीत बसवा. युनिकोडमध्ये टाइप केलेलं प्रेसमध्ये जुन्या फॉन्टमध्ये बदललं जातं तेव्हा रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, "ऱ्या" तर बघाच, त्यामुळे स्क्रीनवर तपासलं म्हणून सोडू नका, कागदावरचं प्रूफ मागा आणि फक्त नावं एकदा वेगळी वाचून काढा, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने हजेरीपटावर बोट ठेवायचं.

आणि शेवटची दोन पानं कोरी सोडा, सह्यांसाठी, पण तेवढा कागद गुळगुळीत घेऊ नका, त्यावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि पान मिटलं की समोरच्या बाजूला उमटते.