ओहायोच्या ग्रामीण काउंटीत अटकेची नोंद कशी सापडली

मावसभावाला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका ग्रामीण काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) रात्री अटक झाली, एवढाच निरोप आला. शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) साइटवर कैद्यांच्या यादीचा पत्ताच नव्हता. कारण साधं: त्या काउंटीला स्वतःचा तुरुंगच नाही. लहान काउंट्या मिळून एक तुरुंग चालवतात. अथेन्स, हॉकिंग, पेरी यांचा सामाईक तुरुंग नेल्सनव्हिलला आहे, तसंच. शेरीफच्या डिस्पॅचला, म्हणजे फोन घेणाऱ्या कक्षाला, फोन करून आधी हेच विचारावं, "तुमचे कैदी कुठे ठेवता?"

तुरुंगाच्या बुकिंग डेस्कला (आणलेल्या कैद्यांची नोंद करतात तिथे) आडनाव सांगितलं, तर असा कुणी नाही म्हणाले. जन्मतारीख सांगितल्यावर सापडला. आडनावाच्या रकान्यात त्याच्या वडिलांचं नाव चढलं होतं. आपल्या तीन-पदरी नावांचं असं होतंच, त्यामुळे प्रत्येक नाव आडनाव समजून शोधायला सांगा. बुकिंग नंबर, आरोप, जामिनाची रक्कम लगेच लिहून घ्या.

सुटका कळावी म्हणून 'वाइन' (VINE) या कैद्याच्या सुटकेची सूचना देणाऱ्या मोफत सेवेत फोन नंबर नोंदवला.

सुटल्यावर यादीतून नाव जातं, पण नोंद राहते. ती ओहायोच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली (कलम १४९.४३) मागता येते, स्वतःचं नाव किंवा कारण सांगायची सक्ती नसते. खटल्याची कागदपत्रं मात्र क्लार्क ऑफ कोर्ट्सकडे, म्हणजे कोर्टाचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. अटकेच्या नोंदी दाखवून पैसे मागणाऱ्या खासगी साइट्सच्या नादी अजिबात लागू नका. आरोप मागे घेतले तरी तिथे अटकेचा जुनाच फोटो लटकत राहतो.