एकच जॅझ स्टँडर्ड, तऱ्हा वेगवेगळ्या: तुलना करत कसं ऐकायचं?

जॅझमध्ये 'स्टँडर्ड' म्हणजे बहुतेक वादकांना पाठ असलेलं जुनं गाणं. तुलनेसाठी मी नेहमी जॉनी ग्रीनचं १९३० सालचं 'बॉडी अँड सोल' सुचवतो. त्यात एक मोक्याची जागा आहे, तेवढी पकडली तरी पुष्कळ उलगडतं.

आधी चाल पाठ करा. टोनी बेनेट आणि एमी वाइनहाउस यांचं २०११चं युगुलगीत घ्या. शब्द असले की आपण गाण्यात नेमके कुठे आहोत ते कळतं. गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नका. कंटाळा येतो, पण त्याला इलाज नाही.

मग मोजा. एक आवर्तन ३२ बारचं (बार म्हणजे मात्रांचा एक गट), बारला ४ मात्रा. आठ-आठ बारचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा जवळपास सारखे. तिसरा वेगळा, त्याला ब्रिज म्हणतात. हीच ती जागा. वादक हे गाणं सहसा काळी एकमध्ये घेतात. ब्रिजला ते चक्क पांढरी दोनमध्ये जातं, चार बारनंतर पांढरी एकमध्ये उतरतं आणि तिथून मूळ पट्टीत परततं. घरात पेटी असेल तर हे तीन 'सा' धरून बघा, कान लगेच तयार होतो.

आता वाद्यं. बेनी गुडमन त्रयीचं १९३५चं रेकॉर्डिंग सोपं आहे: क्लॅरिनेट, पियानो, ड्रम. बास (खर्जाचे स्वर देणारं तंतुवाद्य) नाहीच, ते काम पियानोवादक टेडी विल्सनचा डावा हात करतो.

कोलमन हॉकिन्सला मात्र निवांत वेळ द्या. ११ ऑक्टोबर १९३९, जेमतेम तीन मिनिटं, दोन आवर्तनं. टेनर सॅक्सोफोनवर तो सुरुवातीला चालीची ओळख देतो आणि लगेच सोडून देतो. पुढचं सगळं कॉर्डच्या, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, आधाराने जागच्या जागी रचलेलं. पहिल्या खेपेला तुम्ही हरवाल. मात्रा सोडू नका, मनात मूळ चाल म्हणत राहा. मग दोन्ही आवर्तनांतले ब्रिज पाठोपाठ ऐका: कॉर्ड तेच, सुरावट निराळी.

सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनचं १९६०चं रेकॉर्डिंग शेवटी. मुख्य भागात बास एकाच स्वरावर ठाण मांडतो, पियानो छोटासा तुकडा घोळवत राहतो, चाल मात्र ओळखू येते. ब्रिजला कॉर्ड भराभर बदलू लागतात. म्हणजे हॉकिन्सने चाल टाकून कॉर्ड राखले. कोलट्रेनने चाल राखून कॉर्डच बदलले. हे कानाला पटलं की त्याच रेकॉर्डिंगमधल्या मॅककॉय टायनरच्या पियानो सोलोत ब्रिज मोजून शोधा. तिथे चालीचा आधार मिळणार नाही.